खाली एक ओळ रिकामी

उर्वेने निवृत्त होताना किल्ल्या दिल्या
आणि टेबलाखालचं एक यंत्र,
दमेकऱ्यासारखा पंखा, झाकणावर मिठाचा राप.
"हे बंद करू नकोस," म्हणाली, "क्रॉन असतो यात."
आणि रबरी बूट घालून निघून गेली
आपल्या बटाट्यांकडे.

हीयुमा बेटावर नोव्हेंबरात
उजाडायला साडेआठ होतात.
तोवर धक्क्यावर जे होतं ते क्रॉनच्या सांगण्यावरून:
तीनला तिकिटांची मोजदाद,
सव्वातीनला तिची नक्कल मुख्य भूमीवर,
दर दहा मिनिटांनी समुद्राची पातळी,
कोणी विचारो न विचारो.

मी यादी उघडली.
पाच रकाने. मिनिट, तास, तारीख, महिना, वार.
जिथे काही ठरवायचं नाही तिथे चांदणी.
चांदणी म्हणजे कोणताही. येईल तो.
(इथे मला तत्त्वज्ञान सुचलं होतं. खोडलं.)

एका ओळीत तेरा तारीख आणि शुक्रवार, दोन्ही.
मला वाटलं, जुळून आले तरच चालेल.
छे. क्रॉन तिथे "आणि" म्हणत नाही, "किंवा" म्हणतो,
तेराला चालतो, शिवाय दर शुक्रवारी चालतो,
दोन्हीकडच्या पंगतीला बसणाऱ्या
लग्नातल्या मामासारखा.

सगळ्यात खाली,
४० ४ * * १,३,५
सोम, बुध, शुक्र, पहाटे चार चाळीस,
प्रतीक्षागृहातला हीटर.
त्याच्यावर उर्वेची टीप,
# ने सुरू होणारी, म्हणजे क्रॉन वाचत नाही अशी,
फक्त माणसांसाठी:
# एंडेलसाठी. काढू नये.

"एंडेल?" तिकीटखिडकीतली हेल्वे म्हणाली,
"मूत्रपिंडं गेली होती त्याची.
आठवड्यातून तीनदा पहिल्या बोटीने
रक्त धुवून घ्यायला जायचा.
दोन वर्षं झाली त्याला जाऊन."

क्रॉनला कोणी कळवलं नव्हतं.

मी काढलं नाही काही.
नवं यंत्र आलं, मी यादी उचलून तिकडे ठेवली,
पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत,
जशीच्या तशी.

सोमवारी हेल्वे दारातच उभी. "खोली गारठलीय."
"पण एंडेल तर..."
तिने नुसती हनुवटी उचलली.
बाकावर पावाच्या गाडीचा आयवार,
दप्तरं पोटाशी धरलेल्या दोन पोरी,
पलीकडच्या दवाखान्यात पाळीला निघालेली सुईण,
सगळे कोट न काढता, तोंडातून वाफा.
त्यांना वाटायचं, प्रतीक्षागृहं अशीच असतात.
उबदार.

नोंदवहीत चूक नाही, तक्रार नाही.
हाताने आज्ञा दिली की हीटर मुकाट पेटायचा.
बुधवारी पहाटे पुन्हा थंड.

शेवटी उर्वेला फोन केला.
मागे पातेल्यात सोललेले बटाटे पडत होते, डुबुक, डुबुक.
तिने एवढंच विचारलं,
"खाली एक ओळ रिकामी सोडलीस?"
"नाही."
"मग शेवटच्या ओळीला तो ओळ धरत नाही.
त्याला वाटतं, तुझं बोलणं अजून संपलेलं नाही.
वाट बघत बसतो बिचारा."

मी एंटर दाबला.
पडद्यावर काही बदललं नाही,
कर्सर तेवढा एक पायरी उतरला.

शुक्रवारी चारलाच जाऊन बसलो.
काळोख, धक्क्यावर बर्फाचा पापुद्रा,
चार एकोणचाळीस फार लांबलं.
मग भिंतीत टक् झालं
आणि जाळीमागची तार
हळूहळू लाल होत गेली,
रिकाम्या बाकासमोर.

टीप मी बदललेली नाही.
एंडेलसाठी. काढू नये.
तिच्याखाली ती ओळ.
त्याखाली काही नाही, मुद्दाम.